सवलत, बक्षीस आणि लाच

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा सुरू झाला की येथील पन्हेऱ्यांतून कलमा दूरदूरच्या बागांकडे रवाना होतात. जेथे विक्री तेथे सवलत आलीच. हजार कलमा घेणाऱ्यास पन्नास वर देणे किंवा रोखीच्या गिऱ्हाइकास दरात सूट देणे यात कायद्याला आक्षेपार्ह असे काही नाही. ठराविक माल विकल्याबद्दल खताच्या कंपनीने कृषी सेवा केंद्राच्या मालकास बक्षीस दिले, तर तोही त्याच्या धंद्याचाच लाभ होय. त्याने तो हिशेबात दाखवून त्यावरील प्राप्तिकर भरावा, म्हणजे झाले.

मग लाच कोठे सुरू होते? समजा, नगरपरिषदेला उद्यानासाठी रोपे घ्यावयाची आहेत. विक्रेत्याने पन्नास रोपे जास्त दिली व ती साठा नोंदवहीत जमा झाली, तर ती सवलत. तीच रोपे खरेदी ठरविणाऱ्या कर्मचाऱ्याच्या शेतात लागली, तर ती लाच. रोपे तीच, संख्याही तीच. परंतु पैसा गावाचा आणि लाभ एकट्याचा.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 मध्ये 2018 साली महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. कायदेशीर मेहनतान्याव्यतिरिक्त मिळणारा कोणताही लाभ, मग तो पैशाच्या रूपात नसला तरी, 'गैरलाभ' ठरतो. "काम तर नियमानेच केले, मग दोष कसला?" हा बचाव नेहमी ऐकू येतो, पण तो टिकत नाही. शिधापत्रिकेचा नेहमीचा अर्ज वेळेवर निकाली काढण्यासाठी पाच हजार रुपये मागणारा लोकसेवक अपराधी होय, असे उदाहरण खुद्द कलम 7 मध्येच दिलेले आहे. या कलमाखाली तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

लोकसेवक म्हणजे केवळ सरकारी नोकर नव्हे. स्थानिक संस्थांचे सेवक, पदाच्या नात्याने सार्वजनिक कर्तव्य पार पाडणाऱ्या व्यक्ती, इतकेच नव्हे तर शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शेती वा व्यापारविषयक सहकारी संस्थेचे अध्यक्ष व सचिवही त्यात मोडतात. आपल्या सोसायट्यांतील अनेक पदाधिकाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसते. खासगी बागमालकाच्या दिवाणजीने परस्पर दलाली खाल्ली, तर मात्र हा कायदा लागत नाही. तेथे मालकाने करार कायद्याखाली वा फसवणुकीबद्दल दाद मागावयाची.

देणाराही आता सुटत नाही. कलम 8 प्रमाणे त्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि लाच देणाऱ्या व्यापारी संस्थेस कलम 9 खाली दंड आहे. मात्र ज्यास लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेस कळविल्यास तो अपराधी ठरत नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे 1064 या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करता येते.