छेद कोणता?

अपूर्णांक शिकताना आपले सारे लक्ष अंशाकडे असते. पण टक्केवारीचा खरेपणा पुष्कळदा छेदावर ठरतो. एक उदाहरण सोडवू या.

समजा, एका गावात बारा वर्षांच्या ५० मुली आहेत. त्यांपैकी ४० शाळेच्या पटावर आहेत. लस टोचण्याच्या दिवशी ३६ हजर राहिल्या व त्या सर्वांना लस मिळाली. तर किती टक्के मुलींना लस मिळाली? छेद हजर मुलींचा धरला तर १०० टक्के. पटावरील मुलींचा धरला तर ९०. गावातील साऱ्या मुलींचा धरला तर ७२! अंश एकच, उत्तरे तीन.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग मुख्यत्वे मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. हा संबंध शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या १६ व १८ क्रमांकांच्या प्रकारांमुळे असे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात. लसीत जिवंत विषाणू नसतो; त्याच्या कवचाची प्रथिने तेवढी असतात. त्यांच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते. झालेला संसर्ग मात्र ही लस बरा करीत नाही. म्हणून ती संसर्गापूर्वी, किशोरवयातच देतात. आणि या वयाच्या मुली एकत्र सापडतात त्या शाळेत.

आफ्रिकेतील रुवांडा या देशाने २०११ साली शाळांमधून ही लस देण्यास सुरुवात केली. त्या वेळी तीन मात्रा द्याव्या लागत. सहावीतील ९३.२३ टक्के मुलींना तिन्ही मात्रा मिळाल्या. या वाक्यातला छेद पाहिलात ना? सहावीतील मुली! वर्गाबाहेरही मुली आहेत, हे तेथील आरोग्य खात्याने ओळखले होते. म्हणून गैरहजर राहिलेल्या व शाळेत नाव नसलेल्या मुलींचा शोध गावोगावी लोकांच्या मदतीने घेण्यात आला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरविलेले उद्दिष्ट असे : २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस मिळावी. येथे छेद सर्व मुलींचा आहे, केवळ विद्यार्थिनींचा नव्हे.

आता आपल्या गावाकडे परत येऊ. ५० चे ९० टक्के म्हणजे ४५. गैरहजर राहिलेल्या चौघींना लस दिली तरी बेरीज ४० च होते, म्हणजे ८० टक्के. शाळेने आपले काम शंभर टक्के केले तरी गाव मागेच! पटावर नसलेल्या दहा मुलींपैकी निदान पाच जणींच्या घरी कोणीतरी जायलाच हवे. शाळा सुटलेल्या मुलीला पुढे दवाखाना गाठणेही बहुधा कठीण जाते. तेव्हा लसीची गरज तिला अधिकच.

यापुढे वर्तमानपत्रात एखादी टक्केवारी वाचाल तेव्हा आधी विचारा : छेद कोणता? आणि त्या छेदातून कोण सुटले?