तिरंदाज मासा घरी ठेवणार असाल तर आधी पाणी चाखून बघा



गेल्या महिन्यात आपल्या एका सभासदाने मुलाच्या हट्टापायी शहरातल्या दुकानातून चार तिरंदाज मासे (आर्चरफिश) आणले. दुकानदार म्हणाला, नळाच्या पाण्यात चालतात. तीन आठवड्यांत तीन गेले. पैसे गेले ते गेले, पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. म्हणून हे लिहितोय.

हा मासा खारफुटीतला. सुंदरबनापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत नदीमुखाच्या निमखाऱ्या पाण्यात राहतो. फांदीवर किडा किंवा कोळी (आठ पायांचा बरं का, आपल्यातला नव्हे!) दिसला की पाण्याची पिचकारी मारून खाली पाडतो. टाळूला एक खाच असते. जीभ तिला खालून चिकटली की नळी तयार होते. मग कल्ले झटक्यात मिटले की पाणी तोंडातून सुटतं. पिचकारीचं मागचं पाणी पुढच्यापेक्षा वेगाने जातं, त्यामुळे नेमक्या निशाणाजवळ सगळं गोळा होऊन दणका बसतो. वल्हं पाण्यात वाकडं दिसतं हे आपल्याला ठाऊक आहे. तसाच त्याला पाण्याखालून किडा भलत्या जागी दिसतो, तरी नेम चुकत नाही. अर्थात हे जन्मतः येत नाही, सरावाने येतं. हलत्या भक्ष्यावरचा नेम तर तो दुसऱ्या माशाचा बघूनसुद्धा शिकतो, असं जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं. किडा जवळ असला तर पिचकारीच्या भानगडीत न पडता सरळ उडी मारतो.

आता टाकीचं. चार फूट लांब तरी हवी, कारण मासा वीतभर सहज वाढतो. पाणी काठोकाठ भरू नका, वर सहा-आठ इंच जागा सोडा आणि झाकण घट्ट बसवा. एक भाग समुद्राचं पाणी, दोन भाग गोडं, हे प्रमाण ठीक. नळाचं पाणी क्लोरीन उडून गेल्यावरच घ्या. पावसाळ्यात नदीमुखाचं पाणी जवळजवळ गोडंच असतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका, मत्स्यालयाचं समुद्री मीठ वापरा. जेवणातलं मीठ नको. मासा दुकानात गोड्या पाण्यात असेल तर खारटपणा आठवडाभर थोडा थोडा वाढवा. तळाशी कालवांच्या धुतलेल्या शिंपा टाकल्या की पाणी आंबट होत नाही. गरमी २५ ते ३० अंश.

खाणं तरंगतं द्या, तळाला गेलेलं सहसा उचलत नाही. सुंगटांचे बारीक तुकडे, नाकतोडे चालतात. पण फवारा मारलेल्या घरातल्या माश्या, झुरळं अजिबात नकोत, विष थेट माशाच्या पोटात जातं. सगळे एकाच मापाचे घ्या, नाहीतर मोठा लहानाला गिळतो. घरच्या टाकीत पिल्लं होत नाहीत, त्यामुळे पैदास करून विकण्याचा बेत असेल तर सोडा.

सभासदाचा चौथा मासा निमखाऱ्या पाण्यात हलवला, तो अजून आहे. परवा टाकीत वाकून बघायला गेलो तर माझ्या चष्म्यावरच पिचकारी!

– सचिव