दिवाणजीचा पगार

प्रश्न : इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्यांकडे सात वर्षं हिशेबाचं काम पाहतो. वय ३१, बी.कॉम., ५८ टक्के. टॅलीतल्या एन्ट्र्या, बिलं, सायझिंगला आणि यंत्रमागधारकांकडे जाणाऱ्या मालाची चलनं, जीएसटीची विवरणपत्रं, सगळं माझ्याकडेच असतं. पगार १९,०००. दर दिवाळीला हजार रुपये वाढतात. दुकान आणि दोन गोदामं मिळून आम्ही तेरा माणसं आहोत. नियुक्तिपत्र कुणालाच नाही. मित्र म्हणतात पुण्याला ये, मेव्हणे म्हणतात सीए कर. या वयात काय करावं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी मेव्हण्यांचं बघू. सीएला वयाची अट नाही. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन न देता थेट इंटरला नाव नोंदवता येतं, म्हणजे तुमची वाट मोकळी आहे. २०२३ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात इंटरचे सहा पेपर आणि फायनलचे सहा. आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली आहे. अडचण आहे ती या दोन वर्षांची. त्या काळात दुसरी नोकरी करता येत नाही. आजच्या पगारानं हिशेब केला तर ४,५६,००० रुपये सोडायचे आणि बदल्यात किरकोळ विद्यावेतन घ्यायचं. घरात दुसरं कुणी कमावतं आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

मात्र तो आज सोडवायची गरज नाही. नव्या पद्धतीत इंटरचे दोन्ही गट सुटल्यावरच आर्टिकलशिप सुरू होते. तोवर नोकरी चालू ठेवून अभ्यास करता येतो. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागली. पेपरला ४० आणि गटाला ५० टक्के लागतात. दोन वर्षांची मुदत घालून घ्या. दोन्ही गट सुटले तर पुढचा विचार करा, आणि पुढे गेला नाहीत तरी 'इंटर पास' माणसाला कंपन्यांत आणि सीएंच्या ऑफिसात वेगळा भाव असतो. नाही सुटले तर तिथेच थांबा. ऐन उमेदीची दहा वर्षं 'पुढच्या अटेम्प्टला होईल' म्हणत घालवलेली माणसं मी पाहिली आहेत आणि तसं करण्याचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. इन्स्टिट्यूटच्या कॅम्पसमधली बारा लाखांच्या आसपासची सरासरी पेपरात छापून येते, ती वाचून हुरळू नका. ते पैसे तिथे निवड झालेल्यांचे असतात. पस्तिशीत पास होऊन इचलकरंजीतच राहणाऱ्याला ते लागू होतील असं समजू नका. सीएमए हाही एक रस्ता आहे. पदवीधराला थेट इंटर देता येते, परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. व्यावहारिक प्रशिक्षण पंधरा महिन्यांचं असून हिशेब खात्यातली नोकरी त्यात धरली जाऊ शकते. तुमच्या भागात सूतगिरण्या आणि कापडाच्या कंपन्या आहेत, तेव्हा सीएमएला मी सीएपेक्षा कमी लेखणार नाही.

आता पगाराकडे येऊ. शेठजी १९,००० देतात ते एन्ट्र्या मारण्याचे. हे काम झपाट्यानं स्वस्त होत चाललं आहे. बँकेचं स्टेटमेंट टॅलीत थेट ओढता येतं. जीएसटी पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये पुरवठादारांची बिलं आपोआप समोर येतात. मात्र त्यातलं कुठलं स्वीकारायचं, कुठलं नाकारायचं आणि कुठलं थांबवून ठेवायचं हे मशीन सांगत नाही, ते तुम्हाला ठरवावं लागतं. दहा लाखांच्या सुती सुताच्या बिलावर ५ टक्क्यांनी ५०,००० रुपयांचं क्रेडिट असतं. पुरवठादारानं विवरणपत्र भरलं नाही आणि तुम्ही जीएसटीचं टू-बी विवरण जुळवताना ते पकडलं नाही, तर एका बिलात तुमच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम अडकते.

तुमच्या धंद्यात अशा जागा भरपूर आहेत. जॉबवर्कला गेलेलं सूत वर्षभरात परत आलं नाही, तर कायदा तो माल दिलेल्या तारखेलाच पुरवला असं धरतो. सायझिंगवाला किंवा मागवाला सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर त्याची मजुरी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागते. मुदत टळली आणि वर्षअखेरीस रक्कम बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या तरतुदीनं कापडबाजारात केवढी पळापळ झाली ते तुम्ही पाहिलंच असेल. तर कुणाचा किती माल बाहेर आहे, कुणाचं देणं किती दिवसांचं झालं, कुणाचं क्रेडिट अडकलं आहे, असा एक पानी तक्ता दर महिन्याच्या १५ तारखेला शेठजींच्या टेबलावर ठेवा. तो कुणी मागितलेला नाही, म्हणूनच ठेवायचा. सहा महिन्यांनी पगाराचं बोलायला बसाल तेव्हा 'महागाई वाढली' या वाक्यापेक्षा या सहा पानांचा उपयोग जास्त होईल. शिवाय बाहेरच्या सीएंकडून ताळेबंद तयार होतो तेव्हा त्यांच्या माणसाशेजारी बसा. तेरजेपासून ताळेबंदापर्यंतचा टप्पा एकट्यानं पार करता येणारा अकाउंटंट आणि न येणारा, यांच्या पगारात तालुक्याच्या गावीही फरक पडतो.

किती मागावेत? एक माप देतो. राज्याच्या लेखा व कोषागारे संचालनालयातल्या कनिष्ठ लेखापालाची वेतनश्रेणी २९,२०० पासून सुरू होते, भत्ते वेगळे. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ असल्यानं जाहिरात निघेल तेव्हा तुम्हीही अर्ज करू शकता. टंकलेखनाचं प्रमाणपत्र तेवढं आधी काढून ठेवा. पुण्यात जीएसटी, टीडीएस आणि फायनलायझेशन येणाऱ्या माणसाला ३० ते ४० हजार देणाऱ्या जाहिराती मी पाहतो. खोलीभाडं, मेस, महिन्याला गावाकडची एक खेप वजा करा. उरलेली रक्कम आणि इचलकरंजीत २६,०००, यांत फारसा फरक राहत नाही. म्हणून आधी इथेच २६ मागा.

आणि नियुक्तिपत्र घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ते द्यावंच लागतं. ग्रॅच्युइटीलाही दहाचीच अट आहे आणि तुमची पाच वर्षं कधीच भरली. १९,००० हा सगळाच पगार मूळ वेतन धरला, तर १५ भागिले २६ च्या सूत्रानं सात वर्षांचे सुमारे ७६,७०० रुपये होतात. नोकरी सोडलीत तर ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, ही गोष्ट पगारवाढीची चर्चा सुरू करण्यापूर्वी ठाऊक असलेली बरी.

प्रश्न : एम.कॉम. आणि सीए इंटर झालं आहे. पुण्यातली एक कंपनी दोन पर्याय देते आहे : पगारावर ४०,००० अधिक पीएफ, किंवा 'रिटेनर' म्हणून ४५,००० आणि त्यातून १० टक्के टीडीएस. वेळ दहा ते सात, काम एकच. हातात जास्त येतं म्हणून दुसरा घ्यावा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : टीडीएसची काळजी सोडा. वर्षाचे ५,४०,००० आणि दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत कर शून्य आहे. कापलेले ५४,००० विवरणपत्र भरल्यावर परत येतील, फक्त तोवर ते तुमच्या हातात नसतील. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, हे गणित मात्र तेच राहिलं.

हिशेब दुसरीकडे करायचा. मूळ वेतन २०,००० धरू. मालकाचा पीएफ निदान १,८००. ग्रॅच्युइटी महिन्याला ९६० च्या आसपास साठते. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला आठ किरकोळ रजा आणि वीस दिवस काम केल्यावर एक अर्जित रजा मिळते. रोजचे १,५०० धरले तरी या सगळ्याचे महिन्याला अडीच हजारांहून जास्त होतात. बेरीज ४५,००० च्या पुढे गेली. त्यात पीएफशी जोडलेला सात लाखांपर्यंतचा विमा धरलेलाच नाही. गृहकर्जाच्या वेळी बँक पगारपत्रकं मागते, रिटेनरकडून दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, हे आणखी वेगळं.

पगाराचा पर्याय घ्या. कंपनी रिटेनरवरच अडून बसली तर ५२ च्या खाली उतरू नका आणि करारात नोटिशीची मुदत लिहून घ्या. हजेरी, ठरलेली वेळ आणि वरिष्ठाचं नियंत्रण असेल, तर कागदावर काहीही लिहिलं तरी वाद झाल्यास कोर्ट प्रत्यक्ष संबंध पाहतं. पण त्या वादात तुमची दोन-चार वर्षं जातील, म्हणून कोर्टाच्या भरवशावर सही करू नये.

प्रश्न : वय ४२. लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं अकाउंट्समध्ये होते. मुलांमुळे २०१३ मध्ये नोकरी सोडली. तेव्हा व्हॅट होता. आता कुणी घेईल का? – एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : डोंबिवलीत राहता आणि हा प्रश्न विचारता! तुमच्या रस्त्यावरच किती गृहनिर्माण संस्था आहेत ते मोजा. प्रत्येकीला हिशेब लिहायला कुणीतरी लागतं, प्रत्येकीचं ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत व्हावं लागतं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ असतात आणि पावत्या पिशवीत.

सरळ जीडीसी अँड ए करा. सहकार खात्याची ही पदविका परीक्षा कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. सहा पेपर असतात, परीक्षा साधारण मे महिन्यात होते. पदविका, सहकारी संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असलं की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेवर जाता येतं. ती तीन वर्षं एखाद्या नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली काढावी लागतील, आणि तिथे पैसे फार मिळणार नाहीत.

दरम्यान दोन-चार संस्थांचे हिशेब लिहायला घ्या. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, भाडेकरू ठेवलेल्या सभासदाला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, हे नियम बदललेले नाहीत. जीएसटीचं एवढंच लक्षात ठेवा : संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि सभासदामागे महिन्याची वर्गणी ७,५०० च्या वर असेल तरच तो लागतो. ज्या संस्थेचे हिशेब लिहाल तिचं ऑडिट मात्र पुढे तुम्हाला करता येणार नाही, तेव्हा हिशेबाची गिऱ्हाइकं आणि ऑडिटची गिऱ्हाइकं पहिल्यापासून वेगळी ठेवा. नोकरीच हवी असेल तर तीही मिळेल. पगार २५,००० पर्यंत असेल तर स्त्रियांना व्यवसायकर भरावा लागत नाही, तेवढी कपात होऊ देऊ नका.

प्रश्न : भिवंडीत नोकरी करतो. मालक माल न येता नुसती खरेदीची बिलं चढवायला सांगतात. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर माझा आहे. आता माझ्या नावानं एक फर्म काढून देतो, महिना ५,००० जास्त देतो म्हणतात. धाड पडली तर मी अडकेन का? – नाव न देणारा वाचक

उत्तर : फर्म काढू नका. हे आजच सांगून टाका. फर्म तुमच्या नावावर आली की तुम्ही नोकर राहत नाही, करदाते होता. कराची मागणी, व्याज आणि दंड सगळं तुमच्या पॅनवर येतं. मालक त्या दिवशी तुम्हाला ओळखणारही नाहीत.

नुसत्या नोकराची परिस्थिती थोडी बरी असते. एका जागतिक शिपिंग कंपनीच्या कर-व्यवस्थापकाला व्यक्तिशः ३,७३१ कोटींच्या दंडाची नोटीस आली होती. मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ती रद्द केली. पगारी नोकराला कंपनीच्या कराबद्दल असा दंड लावता येत नाही, हा त्याचा अर्थ. पण ते प्रकरण दंडाचं होतं. खोट्या बिलांच्या फौजदारी कलमात जो गुन्हा करतो तो येतोच, शिवाय जो तो घडवून आणतो आणि त्याचा फायदा ठेवतो तोही येतो. पाच कोटींहून अधिक करचुकवेगिरीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. पगाराव्यतिरिक्त घेतलेले ५,००० हे 'फायदा' म्हणून दाखवायला पुरेसे होतात.

या आठवड्यात पोर्टलवर मालकांचा नंबर आणि ईमेल घालून घ्या. डिजिटल सहीचा टोकन तुमच्या खणात असेल तर परत करा. ज्या बिलामागे गेट एन्ट्री, ई-वे बिल किंवा वजनपावती नाही, ती बिलं चढवण्यापूर्वी कागदपत्रं मागणारा ईमेल पाठवा, तोंडी बोलू नका. टॅलीत एडिट लॉग चालू असेल तर कुठली एन्ट्री कधी आणि कुणाच्या लॉगिननं झाली हे राहतं, म्हणून स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याला देऊ नका. आणि दुसरी नोकरी शोधायला लागा. सोडताना पासवर्ड, फाइली, चेकबुकं यांची यादी करून सोपवल्याची सही घ्या. ते सही देत नसतील तर तीच यादी त्यांच्या ईमेलवर पाठवा आणि तिची एक प्रत घरी ठेवा.