गटात बसतात, पण बोलत नाहीत

प्रश्न : धडगाव तालुक्यात मी चौथीला मराठी शिकवते. घरी पावरी बोलणारी मुलं गटात गप्प बसतात. प्रशिक्षणं झाली, फरक पडला नाही. काय करू?

उत्तर : बाई, मुलं गप्प नाहीत, मराठीत गप्प आहेत. गटातली पहिली चर्चा पावरीत होऊ द्या. धड्याचे चार तुकडे करून प्रत्येकाला एकच द्या. मग एकमेकांचं ऐकल्याशिवाय गोष्ट पुरीच होत नाही. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत ही ‘जिगसॉ’ पद्धत आणली, तीही वर्णभेदाचा ताण असलेल्या वर्गांत. फळ्यावर मोहाचं फूल काढा, शेजारी दोन्ही भाषांतली नावं लिहा. पावरी शब्द मुलांनी सांगायचा, तुम्ही शिकायचा. चुकलात तर त्यांना दुरुस्त करू द्या.

प्रशिक्षणाची तुमची तक्रार रास्त आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर्षाला ५० तास सांगतं. पण नुसतं सभागृहात ऐकलेलं वर्गात उतरत नाही. केंद्रातल्या एखाद्या सहकारी शिक्षिकेला महिन्यातून एकदा वर्गात मागे बसवा. कोण किती वेळा बोललं, एवढ्याच खुणा त्यांनी कराव्यात. पुढच्या शिक्षण परिषदेत तोच कागद मांडा.