वरचा गिअर उशिरा पडतो तेव्हा

अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाईल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ ही स्वयंचलित गिअरपेटी आणली. तेव्हापासून कित्येक दशके गिअर केव्हा बदलावा हा निर्णय तेलाच्या दाबावर सोपविलेला होता. १९६९ मध्ये आलेली त्याच कंपनीची ‘टर्बो-हायड्रामॅटिक ३५०’ ही तीन गिअरांची पेटी उदाहरणादाखल घेऊ.

या पेटीत प्रत्येक गिअरबदलासाठी एक सरकती झडप असते. तिच्या एका टोकावर गव्हर्नरकडून आलेला तेलाचा दाब असतो. मोटारीचा वेग वाढेल तसा तो वाढतो. दुसऱ्या टोकावर स्प्रिंग आणि इंजिनावरील भार दर्शविणारा दाब, असे दोघे मिळून तिला रोखून धरतात. वेगाच्या दाबाने या दोघांवर मात केली की झडप सरकते व वरचा गिअर पडतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना गिअर उशिरा पडला, तर तो दोष नव्हे. यंत्राने तसेच वागावयास हवे. परंतु सपाट रस्त्यावर, पाय हलका असतानाही इंजिन खालच्याच गिअरमध्ये घुमत राहिले, तर मात्र कारण शोधणे प्राप्त आहे.

भाराची वार्ता गिअरपेटीला कळते ती इंजिनाच्या शोषणनळातील निर्वातामुळे. तेथून एक बारीक नळी मॉड्युलेटर नावाच्या डबीकडे जाते. डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. निर्वात जोरदार असला की पडदा खेचला जातो व भाराचा दाब उतरतो. ही नळी चिरली किंवा निसटली, की इंजिनावर सतत पूर्ण भार आहे असाच गिअरपेटीचा समज होतो. गिअर उशिरा पडतो आणि धक्का देऊन पडतो, कारण हाच दाब क्लचांना आवळणारा मुख्य दाबही वाढवितो. हा धक्का निदानाच्या दृष्टीने फार बोलका आहे. गिअर उशिरा, पण धक्क्याविना पडत असेल, तर संशय प्रथम गव्हर्नरवर घ्यावा. एकच गिअर उशिरा पडून दुसरा वेळेवर पडत असेल, तर त्या एका गिअरची झडप अडकत असावी.

तपासणीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. आधी तेलाची पातळी व वास. करपट वास क्लच जळाल्याची खूण होय. मग मॉड्युलेटरची नळी काढून पाहावी. तिच्यात गिअरतेल आढळले तर पडदा फाटलेला आहे, हे निश्चित. असे तेल इंजिनात शोषले जाऊन जळते व धुराड्यातून पांढरा धूर निघतो. इकडे पेटीतील तेल घटत जाते आणि अखेरीस क्लच घसरून जळतात. एका रबरी पडद्यापायी सारी पेटी खोलण्याची पाळी येते ती अशी.

नळी कोरडी व अखंड असेल, तर तिच्या टोकाला निर्वातमापक लावावा. समुद्रसपाटीवर, सुस्थितीतील इंजिन मंद गतीने चालू असता तो साधारणतः १७ ते २१ इंच पारा दाखवितो. आकडा बराच खाली असेल, तर दुखणे गिअरपेटीचे नसून इंजिनाचे आहे. ठिणगीची वेळ चुकली असेल किंवा झडपा गळत असतील. उंच प्रदेशात दर हजार फुटांमागे सुमारे एक इंचाची घट स्वाभाविकच मानावी.

पुढे हे काम विद्युत्-संवेदकांकडे आणि संगणकाकडे गेले. आजच्या अनेक मोटारी इंजिन थंड असताना वरचा गिअर मुद्दामच लांबणीवर टाकतात, म्हणून परीक्षा घ्यावयाची ती इंजिन पुरते तापल्यावरच.