पहिली फळी

पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. ती अमेरिकेचे एक राज्य आहेत. तेथील होनोलुलू शहरात वायकीकी नावाचा समुद्रकिनारा आहे. येथे लाटा दुरून येतात आणि बराच वेळ चालत राहतात. लांब फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा खेळ येथे फार जुना आहे. या खेळाला सर्फिंग म्हणतात. २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये त्याला प्रथमच स्थान मिळाले.

समजा, वायकीकीजवळ राहणारी एक मुलगी हा खेळ शिकत आहे. भाड्याने घेतलेल्या नऊ फुटी मऊ फळीवर तिने काही महिने सराव केला. फुटलेल्या लाटेच्या फेसात ती सहज उभी राहते. न फुटलेली लाटही तिला कधीकधी साधते. आता तिला स्वतःची फळी विकत घ्यायची आहे. दुकानात शिरताच तिची नजर कुठे जाईल बरे? साडेपाच फुटांच्या, पातळ, टोकदार फळीकडे! स्पर्धेतल्या खेळाडूंच्या पायांखाली तिने तशीच फळी पाहिलेली असते. क्रिकेटची बॅट घेताना आपलेही असेच होते, नाही का?

ही फळी तिने घ्यावी का? उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तुम्ही आर्किमिडीजचा नियम शिकला आहात. एक लिटर आकारमानाची वस्तू पाण्यात पूर्ण बुडाली, की सुमारे एक किलो पाणी बाजूला सरते. तेवढाच भार पाणी वर उचलून धरते. म्हणून आजकाल पुष्कळ फळ्यांवर त्यांचे आकारमान लिटरमध्ये लिहिलेले असते. मुलीचे वजन ५० किलो आहे आणि ती छोटी फळी जेमतेम २५ लिटरची आहे. तिच्यावर पालथे झोपून हातांनी पाणी मारू लागताच फळी पाण्याखाली जाते. वेग येत नाही. लाट खालून निघून जाते आणि मुलगी तिथेच राहते. तरबेज खेळाडूच्या दंडांत जोर असतो, लाटेची नेमकी जागा त्याला कळते. म्हणून त्याला एवढीशी फळी पुरते. शिकणारीला मात्र दिवसभरात दोनच लाटा मिळाल्या, तर ती उभे राहण्याचा सराव कधी करणार? अशा वेळी पुष्कळ जण कंटाळून खेळच सोडून देतात.

त्यापेक्षा आठ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद आणि तीन इंच जाड फळी घ्यावी. तिचे आकारमान ६० लिटरच्या आसपास असते. ती पाण्यावर राहते, लवकर वेग घेते आणि उठून उभे राहायला थोडा जास्त वेळ देते.

मग सोळा फुटी का नको? हवाईचा प्रसिद्ध जलतरणपटू ड्यूक काहानामोकू सोळा फुटी लाकडी फळी वापरत असे. पण ती उचलणे हेच मोठे काम होते! त्या काळी फळीच्या तळाला पर नसे. वळण्यासाठी खेळाडू एक पाय पाण्यात ओढत. १९३५ साली टॉम ब्लेक याने वायकीकी येथे आपल्या फळीला माशासारखा पर लावला. त्यामुळे फळी घसरेनाशी झाली आणि वळवणे सोपे झाले. आजच्या आठ फुटी फळीलाही असे पर असतात.

पैसे कमी असतील तर वापरलेली फळी घ्यायला हरकत नाही. मात्र ती नीट तपासावी. फळीच्या आत हलका फेस असतो आणि वर काचतंतूंचे कठीण कवच असते. कवचाला तडा गेला की पाणी आत मुरते. मग तेथे तपकिरी डाग पडतो आणि फळी जड होते. अंगठ्याने ठिकठिकाणी दाबून पाहावे. एखादी जागा आत दबली, तर तेथे कवच सुटले आहे असे समजावे. घोट्याला बांधायची दोरी मात्र नवीच घ्यावी. दोरी तुटली तर सुटलेली फळी पोहणाऱ्याच्या डोक्यावर आदळते.

आठ फुटी फळी काखेत धरली, तर मुलीचा हात तिच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. मग ती फळी डोक्यावर घेते आणि किनाऱ्याकडे निघते.

स्वाध्याय
१. मुलीला छोटी फळी का आवडली?
२. टॉम ब्लेक याने फळीत कोणता बदल केला?
३. वापरलेली फळी कशी तपासावी, ते चार वाक्यांत लिहा.