परसातील पक्षी : एक निरीक्षण-पाठ

रूप डोळ्यांस प्रथम दिसते. गुण ओळखण्यास वेळ द्यावा लागतो. ही गोष्ट मुलांस उपदेशापेक्षा निरीक्षणाने अधिक पटते.

पुण्याच्या पश्चिमेचे कोथरूड एके काळी खेडे होते. आज तेथे दाट वस्ती आहे. तरी म्हातोबाच्या टेकडीलगतच्या परसांत कावळा, कोकीळ, बुलबुल, शिंपी हे पक्षी दिसतात. खेड्यातील शाळेच्या आवारातही बहुधा हेच पक्षी आढळतील.

शिंपी चिमणीहून लहान व हिरवट असल्याने पानांत असूनही सहज ध्यानात येत नाही. परंतु मुख्यतः त्याची मादी चोचीने पानांच्या कडांना भोके पाडते, कापसाच्या वा कोळिष्टकाच्या तंतूंनी त्या शिवते आणि त्या द्रोणात मऊ घरटे करते.

कावळ्यास मुले हाकलतात व कोकिळेची स्तुती करतात. वस्तुतः 'कुहू' गाणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा पक्षी हा नर होय; मादी तपकिरी व ठिपकेदार असते. ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते व पिलू कावळेच वाढवितात. येथे शिक्षकाने सावध असावे. कावळा दयाळू आणि कोकिळा दुष्ट, असे शिकवू नये. कावळ्यास फसवणूक उमगत नाही व कोकिळेची ती उपजत रीत आहे. पक्ष्यांस माणसांचे गुणदोष चिकटविणे हे शास्त्र नव्हे. घ्यावयाचा बोध एवढाच, की रंग व आवाज यांवरून आपण केलेला निर्णय अपुरा होता.

पाठाची रीत सोपी आहे. मुलांनी आठवडाभर रोज सकाळी १० मिनिटे शांत बसून एकेक पक्षी पाहावा. घरट्यास हात लावू नये. वहीत दोन रकाने आखावेत : 'कसा दिसतो' आणि 'काय करतो'. पहिला रकाना पहिल्याच दिवशी भरतो; दुसरा रोज वाढत जातो.

आठवड्याच्या अखेरीस शिक्षकाने हेच दोन रकाने मनाशी धरून आपल्या वर्गाकडे पाहावे. मळक्या सदऱ्याचे, मागे बसणारे, विचारल्याखेरीज न बोलणारे एखादे मूल प्रत्येक वर्गात असते. त्याचा पहिला रकाना सर्वांस पाठ असतो. दुसरा कोणी उघडलेलाच नसतो. शिंप्याचे घरटे सर्वांआधी कदाचित त्यालाच दिसले असेल. त्यास एकदा विचारून पाहावे.